वस्तरा कोणाच्या हाती? महाराष्ट्रात सेफ्टी रेझर आला तेव्हा

१/ सेफ्टी रेझरकडे वळावे की नाही, हा प्रश्न आज तरुणांमध्ये पुन्हा विचारला जात आहे. एका बाजूला महागडी कार्ट्रिज, दुसऱ्या बाजूला आजोबांच्या काळातील दुधारी ब्लेड. खर्च, त्वचा आणि प्लास्टिकचा कचरा यांवर चर्चा होते आणि ती तेथेच थांबते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न महाराष्ट्रातील पुरुषांपुढे प्रथम आला, तेव्हा त्यात बलुते, विटाळ, विधवांचे केशवपन आणि जातीमुळे नाकारली गेलेली सेवा एवढे सारे गुंतलेले होते. त्या निर्णयाचा हा इतिहास. थ्रेड दीर्घ आहे.

२/ प्रारंभ तळोद्यापासून. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस वसलेले हे गाव पूर्वी खानदेश जिल्ह्यात होते. १९०६ मध्ये खानदेशाची विभागणी झाल्यावर ते पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात आले आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये तळोद्याची ओळख खानदेशातील इमारती लाकडाची प्रमुख पेठ अशी दिली आहे. खानदेशातील उत्तम बैलगाड्या येथे घडत आणि एका गाडीस सुमारे ४० रुपये पडत, अशीही नोंद आहे.

आणखी एक माल येथून बाहेर जाई, तो म्हणजे रोशा गवताचे तेल. गुलाबासारख्या वासाचे हे तेल खानदेशातून मुंबईमार्गे परदेशी जाई आणि अत्तरात व साबणात वापरले जाई. युरोपातील एखादा गृहस्थ सकाळी ज्या सुगंधी साबणाने तोंड धूत असेल, त्याचा वास सातपुड्याच्या उतारावर उगवलेला असण्याची शक्यता होती. तापी खोऱ्यातील रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नंदुरबारला पोहोचली. तळोद्याला ती कधीच आली नाही. परदेशी माल नंदुरबारच्या स्थानकावर उतरावा आणि पुढे तापी ओलांडून बैलगाडीने यावा, हाच रस्ता होता.

३/ दाढीच्या इतिहासासाठी तळोदा सोयीचे आहे, ते एका वेगळ्याच कारणाने. गावाच्या दक्षिणेस तापीकाठची काळी जमीन आणि बारा बलुत्यांवर चालणारी खेडी. उत्तरेस सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजाचे पाडे, जेथे बलुत्यांची घडी तशी कधी बसलीच नाही. दाढी करून घेण्याचा ‘हक्क’ आणि तो करून देण्याचे ‘कर्तव्य’ ही व्यवस्था निसर्गाने दिलेली नव्हती, हे समजण्यास डोंगराकडे पाहणे पुरे होते.

४/ सपाटीवरील गावात न्हावी हा बलुतेदार. (आज हा समाज स्वतःस नाभिक म्हणवतो. पुढे ‘न्हावी’ हा शब्द केवळ त्या काळच्या कामाच्या अर्थाने आला आहे.) त्याची धोकटी म्हणजे चालतेफिरते दुकान होते. तीत वस्तरा, कातर, नखे काढण्याची नराणी, आरसा, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड आणि चामड्याची पट्टी असे. प्रत्येक हजामतीचे पैसे तो घेत नसे. वर्षभर घरोघरी जाऊन दाढी-डोई करायची आणि सुगीत खळ्यावर आपल्या वाट्याचे धान्य घ्यायचे, असा हिशेब असे. लग्नकार्यातील मानाची कामे, अंग रगडणे, रात्री पाहुण्यापुढे दिवटी धरणे हीसुद्धा त्याचीच. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे हे जग मोडकळीस येत असतानाचे चित्र सापडते, आणि आत्र्यांची नजर बलुतेदारांबाबत नेहमीच ममतेची नाही, हेही ध्यानात ठेवून तो वाचावा लागतो.

५/ या कामात विश्वास आणि अवहेलना शेजारी शेजारी नांदत. राजापासून रंकापर्यंत प्रत्येकाचा गळा वस्तऱ्याच्या पात्याखाली येई. प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ रोजी सय्यद बंडाचा वार अडवणारे जिवा महाला, पन्हाळ्याच्या वेढ्यात स्वतःला महाराज म्हणून शत्रूच्या हाती देणारे शिवा काशीद यांची नावे नाभिक समाज अभिमानाने घेतो. संत सेना महाराजांनी तर आपल्या धंद्याची हत्यारेच अभंगात परमार्थाची रूपके म्हणून वापरली. तरीही क्षौर उरकले की स्नान केल्यावाचून घरात शिवायचे नाही, हा उच्चवर्णीय घरांतील नियम होता. गळा ज्याच्या हाती द्यायचा, त्याचाच विटाळ मानायचा.

६/ क्षौर ही आजच्यासारखी रोजची, पाच मिनिटांची गोष्टही नव्हती. वार पाहायचे, तिथी पाहायची, सुतक असेल तर वेगळा नियम. न्हावी आठवड्यातून एकदा-दोनदा येई. शिवाय काम हनुवटीपुरते नसे. मध्यभागी शेंडी आणि भोवतीचा घेरा तुळतुळीत, हे हिंदू पुरुषाचे सर्वसाधारण रूप होते. घेरा स्वतःच्या हाताने, तोही उघड्या वस्तऱ्याने करणे जवळजवळ अशक्य. म्हणून डोक्यावर घेरा आहे तोवर न्हाव्यावाचून सुटका नाही. सेफ्टी रेझर महाराष्ट्रात रुजला तो डोकी बदलल्यानंतर, आणि हा क्रम बहुतेकदा विसरला जातो. इंग्रजी शिक्षण, कचेरी, कॉलेज यांच्या हवेत शेंडी-घेरा मागे पडून माथाभर बारीक कापलेले केस आले, तेव्हाच ‘डोके’ आणि ‘दाढी’ ही दोन वेगळी कामे झाली. केसांसाठी महिन्याकाठी न्हावी आणि दाढी घरच्या घरी, ही विभागणी त्यानंतरची.

७/ यंत्राचा इतिहास थोडक्यात. फ्रान्समध्ये जाँ-जाक पेरे या कारागिराने अठराव्या शतकातच वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसवून पाहिला होता. अमेरिकेत काम्फे बंधूंनी १८८० मध्ये आडोसा असलेल्या वस्तऱ्याचे पेटंट घेतले, पण त्याच्या पात्याला पुन्हा पुन्हा धार लावावी लागे. किंग कॅम्प जिलेट यांची कल्पना याहून वेगळी होती. पाते इतके पातळ आणि स्वस्त करायचे की धार गेली की ते फेकूनच द्यायचे. कागदासारख्या पातळ पोलादाला कडकपणा आणि धार देणे अशक्य आहे, असे जाणकार सांगत. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते शक्य केले. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा खप ९० हजारांच्या वर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख रेझर मागवले. युद्ध संपले, सैनिक घरी परतले आणि हाताची सवयही त्यांच्याबरोबर घरी आली.

या यंत्रात खरा बदल कौशल्याचा आहे. उघड्या वस्तऱ्याचा कोन, दाब, त्वचेचा ताण हे सारे न्हाव्याच्या मनगटात असते आणि ते कमवायला वर्षे लागतात. सेफ्टी रेझरमध्ये पात्याची केवळ एक कड बाहेर राहते. कोन बऱ्याच अंशी यंत्रच ठरवते. पिढीजात हुनर धातूच्या तीन तुकड्यांत बंद झाले आणि दुकानात विकायला आले.

८/ पण सेफ्टी रेझर येण्याआधी महाराष्ट्रात वस्तऱ्याभोवती एक मोठा संघर्ष होऊन गेला होता. तो पुरुषांच्या दाढीचा नव्हता.

ब्राह्मण व काही उच्चवर्णीय घरांत पती वारला की पत्नीच्या डोक्यावर वस्तरा फिरे आणि पुढे आयुष्यभर फिरत राही. कित्येकदा ती स्त्री दहा-बारा वर्षांची मुलगी असे. आगरकरांनी या चालीवर लेखणी चालवली. हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतील यमूचे केशवपन वाचून मराठी वाचक हादरला. शास्त्रार्थ, स्त्रीचे दुःख, कुटुंबाची प्रतिष्ठा या साऱ्याची चर्चा झाली. एका माणसाकडे मात्र बराच काळ कोणाचे लक्ष गेले नाही. ते डोके प्रत्यक्ष भादरणारा हात न्हाव्याचा होता.

९/ १८९० मध्ये मुंबईत शेकडो नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आपण यापुढे करणार नाही, असा निर्णय त्यांनी केला. या हालचालीमागे ‘दीनबंधु’चे संपादक, जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे होते. लंडनच्या ‘टाइम्स’पर्यंत ती बातमी पोहोचली. हा संप फुल्यांनी पुण्यात घडवून आणला, असे समाजमाध्यमांवर सरसकट लिहिले जाते. सालासह भक्कम आधार मिळतो तो १८९० च्या मुंबईचा. फुल्यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. विधवांच्या प्रश्नावर १८६३ पासून, बालहत्या प्रतिबंधक गृहापासून, त्यांनी जी भूमी तयार केली, तिच्यावरच हे पीक आले.

याच वर्षी, १० जून १८९० रोजी, लोखंड्यांच्या प्रयत्नांना यश येऊन मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवारी सलूनमध्ये नंबर लावून बसणाऱ्या आजच्या महाराष्ट्राने या माणसाची आठवण दोन कारणांनी ठेवायला हरकत नाही.

१०/ या निर्णयाची किंमत कोणी मोजली, हेही पाहावे. केशवपन हे न्हाव्यासाठी उत्पन्नाचे काम होते. विधवेच्या घरचे लोक सधन, वजनदार आणि नाराज झाल्यास त्रास देऊ शकणारे. सुधारकाने लेख लिहिला तर त्याच्यावर टीका होई. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला तर त्याचे गिऱ्हाईकच तुटे. नकार देण्याची ताकद त्याच्या हातात होती, हे त्याने त्या वर्षी स्वतः ओळखले आणि स्वतःच्या इच्छेने वापरले. ‘स्वतःच्या इच्छेने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण न्हाव्याचा आणखी एक नकार त्याच काळात गावोगाव चालू होता आणि तो त्याच्या एकट्याच्या इच्छेचा नव्हता.

११/ साताऱ्यातील एक घर. वडील लष्करातून निवृत्त झालेले, सुभेदार. गावात न्हाव्यांची वाण नव्हती आणि न्हाव्याला पैसे देण्याची या घराची ऐपतही होती. तरी मुलांचे केस कापण्याचे काम थोरली बहीण करी, आणि करून करून ती त्यात निष्णात झाली होती. कारण एकच. कोणताही न्हावी अस्पृश्याच्या केसांना हात लावायला तयार नव्हता. त्या मुलांपैकी एकाचे नाव भीमराव. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे मोजक्या वाक्यांत सांगितले आहे, आवाज न चढवता.

१२/ येथे एक प्रसंग शेजारी ठेवण्यासारखा आहे. गांधीजी आपल्या आत्मकथेत सांगतात की विलायतेस जाणारा प्रत्येक जण निदान दाढी करायला तरी शिकतो. स्वतःचे केस कापायला मात्र कोणी शिकत नाही. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या गोऱ्या केशकर्तनकाराने त्यांना झिडकारले. त्यांनी केस कापण्याचे यंत्र विकत घेतले आणि आरशापुढे उभे राहून स्वतःच केस कापले. पुढचे कसेबसे जमले, मागचे बिघडले, आणि न्यायालयातील मित्रमंडळी पोट धरून हसली. गांधीजींनी त्या केशकर्तनकाराला दोष दिला नाही. आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांची सेवा करू देत नाही, तेव्हा हे त्याचेच फळ, असे त्यांनी मानले.

‘करू देत नाही’ हा मुद्दा गांधीजींनी नेमका पकडला. महाराच्या दाढीला हात लावणाऱ्या न्हाव्याकडून पाटील आणि कुलकर्णी उद्या दाढी करून घेणार नाहीत, खळ्यावरचे त्याचे धान्य बंद होईल, ही भीती खरी होती. गावाने एखाद्याला वाळीत टाकले की न्हावी-परीट बंद करणे ही पहिली शिक्षा असे. वस्तरा न्हाव्याचा, पण तो कोणावर चालावा हे ठरवणारे दुसरेच.

१३/ आता सेफ्टी रेझरचा निर्णय नीट दिसू लागतो. १९२० आणि १९३० च्या दशकांतील मुंबई-पुण्याच्या कारकुनाने, वकिलाने, प्राध्यापकाने तो घेतला तेव्हा त्याने काय सोडले? न्हाव्याची वाट पाहणे सोडले. वार-तिथीचा हिशेब सोडला. सगळ्या आळीवर चाललेल्या एकाच वस्तऱ्यातून येणारे पुरळ टाळले. गावच्या बातम्या, चहाड्या, लग्नाच्या सोयरिकी ज्या हातातून घरात येत, तो हातही सोडला. बदल्यात त्याला रोज सकाळी गुळगुळीत हनुवटी मिळाली आणि कचेरीत वेळेवर पोहोचणे सोपे झाले. आरशापुढे एकट्याने उभे राहून स्वतःची दाढी करणारा पुरुष हे आधुनिकतेचे चित्र ठरले.

साताऱ्यातील त्या घरात नेमकी हीच गोष्ट, घरचे काम घरच्या हातांनी उरकणे, बहिष्काराची खूण होती. एकाने न्हावी सोडला आणि तो सुधारलेला म्हटला गेला. दुसऱ्याला न्हाव्याने नाकारले होते. बाहेरून पाहता दोन्ही घरांत कृती तीच दिसते.

म्हणून ‘सेफ्टी रेझरने माणसाला जातीच्या बंधनातून मुक्त केले’ असे जे उत्साहाने लिहिले जाते, ते अर्धेच खरे वाटते. ज्याच्यापाशी पैसे होते आणि ज्याला कधी कोणी नाकारलेच नव्हते, त्याला यंत्राने व्यवस्थेतून बाहेर पडण्याची वाट दिली. व्यवस्था होती तेथेच राहिली. नाकारल्या गेलेल्या माणसाच्या हाती पुढे रेझर आला, हनुवटी साफ झाली, पण सलूनचे दार काही त्यामुळे उघडले नाही.

१४/ ते दार उघडण्याचा प्रयत्न यंत्राने नव्हे, कायद्याने केला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भेदभावास बंदी करणाऱ्या कलमावर चर्चा चालू होती. दुकानांत सर्वांना प्रवेश, असे त्या मसुद्यात होते. एका सदस्याची शंका होती की ‘दुकान’ या शब्दात धोबी आणि न्हावी यांची दुकाने येतात का. डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की दुकान म्हणजे जेथे मालक गरजू माणसाला आपली सेवा द्यायला बसला आहे अशी जागा. केशकर्तनालयाचा मालकही आत येणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला सेवा देण्यासाठीच तेथे बसलेला असतो. शब्दाचा अर्थ नुसत्या प्रवेशापुरता नसून सेवा मिळण्यापर्यंत जातो, हेही त्यांनी स्पष्ट केले.

उत्तर कायदेपंडिताचे आहे, व्याख्येच्या भाषेत आहे. पण ज्याला बालपणी साताऱ्यात कोणत्याही न्हाव्याने हात लावला नव्हता, त्यानेच देशाच्या संविधानात केशकर्तनालयाचे दार कोठे येते ते सांगितले. तोच आशय आज अनुच्छेद १५(२) मध्ये आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. कायदा झाला म्हणून गावोगावचा व्यवहार लगेच बदलला नाही. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा २०१६ मध्ये करावा लागला, यावरून काय ते समजावे.

१५/ आणि न्हावी? त्याचे काय झाले, हे या कथेत सहसा कोणी विचारत नाही.

त्याच्या हातून दाढी गेली, पण सगळे गेले नाही. बलुत्याचे धान्य आटत गेले तसा तो तालुक्याच्या गावी, जिल्ह्याच्या गावी, मुंबईच्या गिरणगावात सरकला. धोकटीच्या जागी भिंतीवरचा मोठा आरसा आला, खुर्ची आली, बाहेर ‘केशकर्तनालय’ ही पाटी लागली. घरोघर फिरणाऱ्या न्हाव्याकडे आता गिऱ्हाईक चालत येऊ लागले. धान्याऐवजी रोख, मानपानाऐवजी दरपत्रक. सोमवारी दुकान बंद ठेवण्याचा अधिकारही मिळाला, जो बलुतेदाराला कधी नव्हता. तोटा झाला, तसा फायदाही झाला. आणि न्हाव्याला गावगाड्यातून बाहेर काढण्यात त्या लहानशा परदेशी यंत्राचा थोडा तरी वाटा होता, असे म्हणायला जागा आहे.

काही कामांना मात्र यंत्राचा स्पर्श झाला नाही. बाळाचे जावळ काढायला नाभिकच लागतो. तळोद्याजवळच, तापी आणि गोमाई यांच्या संगमावर, प्रकाशे आहे. खानदेश त्याला दक्षिण काशी म्हणतो. घरी कितीही उत्तम रेझर असला तरी वडील गेल्यावर मुलगा नदीकाठी नाभिकापुढेच मान खाली घालून बसतो.

१६/ ब्लेड स्वस्त झाले ते स्वातंत्र्यानंतर. आधी ती अमेरिका, इंग्लंड, जर्मनी येथून येत आणि युद्धाच्या काळात दुर्मीळ होत. काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूवर बोथट ब्लेड घासून त्याला पुन्हा दोन-चार दिवसांची धार आणायची युक्ती कित्येक घरांत माहीत होती. फेकून देण्यासाठीच ज्याचा जन्म झाला, ते पाते मराठी घराने फेकले नाही. पेन्सिलीला टोक करणे, शिवण उसवणे, वर्तमानपत्रातील कात्रणे कापणे असे करत ते गंजून जाईपर्यंत टिकवले. पुढे कलकत्त्याच्या मल्होत्रा कुटुंबाचे कारखाने, ठाण्यातील विद्युत मेटॅलिक्स अशा देशी उत्पादकांनी ब्लेडची पाकिटे पानाच्या ठेल्यापर्यंत पोहोचवली. १९६० च्या दशकात न गंजणाऱ्या पोलादाची ब्लेड आली आणि दाढीनंतर ब्लेड पुसून कोरडे ठेवण्याचा नित्यक्रम सुटला.

सातपुड्यात या ब्लेडला एक वेगळेच काम मिळाले. घरीच होणाऱ्या बाळंतपणात नाळ विळ्याने किंवा बांबूच्या धारदार पातीने कापली जाई आणि त्यातून धनुर्वात होऊन अर्भके दगावत. दाईंच्या प्रशिक्षणात स्वच्छतेचे जे पाच नियम शिकवले गेले, त्यांत एक होता नव्या ब्लेडचा. दाढीसाठी जन्मलेल्या पात्याचे हे सर्वांत मोलाचे काम असावे.

१७/ १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची लागण प्रथम आढळली. त्यानंतरच्या वर्षांत सलूनचा वस्तरा संशयाच्या भोवऱ्यात सापडला. पिढ्यान्‌पिढ्या धार लावून जपलेला, कधी बापाकडून मुलाकडे आलेला वस्तरा नाभिकांनी हळूहळू बाजूला ठेवला आणि अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा हाती घेतला. ‘ब्लेड नवे टाका’ हे वाक्य खुर्चीत बसताच उच्चारले जाऊ लागले. न्हाव्याला टाळण्यासाठी निघालेले पाते शेवटी न्हाव्याच्याच हातात आले, आणि त्याच्यावरचा विश्वास त्याच पात्याने टिकवला.

१८/ अलीकडचा एक किस्सा उद्बोधक आहे. भारतीय बाजारासाठी तयार केलेला एक रेझर जिलेट कंपनीने अमेरिकेतील एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला. त्यांना तो आवडला. भारतात मात्र तो चालला नाही. त्या विद्यार्थ्यांच्या नळाला वाहते पाणी होते. भारतातील असंख्य पुरुष पेलाभर पाण्यात दाढी करतात आणि त्यात रेझरमध्ये अडकलेले केस निघत नाहीत. नंतर कंपनीची माणसे येथील घरांत जाऊन बसली, पाहत राहिली, आणि २०१० मध्ये एका पात्याचा रेझर १५ रुपयांना, त्याचे कार्ट्रिज ५ रुपयांना बाजारात आले. रेझर कसा असावा हे पाण्याने ठरवले. वस्तरेवाल्या न्हाव्याला हे कोणी सांगावे लागले नसते; त्याच्या धोकटीत वाटी होतीच.

१९/ आज जो तरुण कार्ट्रिज सोडून दुधारी सेफ्टी रेझर घेऊ पाहतो, त्याच्यापुढील प्रश्न पूर्वीपेक्षा पुष्कळ हलका आहे. ब्लेड स्वस्त पडते, प्लास्टिक कमी जाते, हात बसेपर्यंत चार-दोन कापा सोसाव्या लागतात, घाई करून चालत नाही. मुरुमे किंवा आत वळणारे केस असतील तर एका पात्याची दाढी सौम्य पडते, असा अनेकांचा अनुभव आहे. तुरटीचा खडा जवळ ठेवलेला बरा. यापेक्षा अधिक काही त्या निर्णयात आता उरलेले नाही, आणि एवढे हलके व्हायला त्याला शंभर वर्षे लागली.

२०/ तळोद्यासारख्या बाजारगावात मात्र दुधारी ब्लेडचे मोठे गिऱ्हाईक आजही सलूनच आहे. डोंगरातून बाजाराला उतरलेला पावरा तरुण, तालुका कचेरीत कामाला आलेला शेतकरी, शिक्षक, व्यापाऱ्याचा मुलगा, सारे एकाच खुर्चीत एकामागून एक बसतात. नाभिक पाकिटातून ब्लेड काढतो, कागदाच्या वेष्टणासकटच ते मधोमध मोडतो, एक अर्धे वस्तऱ्यात सरकवतो आणि उरलेले अर्धे कागदात तसेच गुंडाळून पुढच्या माणसासाठी आरशाखालच्या फळीवर ठेवतो.